चाकाखालचं लिंबू

ओसाकात आमच्या घरासमोरून ट्राम जाते. बहुतेक गाड्या नव्या, जमिनीला टेकलेल्या, आतून थंडगार. पण त्यांच्या मधूनच एखादी जुनी येते. गडद हिरवी, लाकडी खिडक्यांची, महायुद्धाच्याही आधीची. ती दिसण्याआधी ऐकू येते. तिच्या घंटेवरून इथले लोक तिला चिन-चिन देन्शा म्हणतात. ती काही मिरवायला ठेवलेली नाही. तिच्यातून माणसं ऑफिसला जातात, दाताच्या डॉक्टरकडे जातात, मुळे आणि कांद्याची पात घेऊन घरी येतात. उन्हाळ्यात मात्र एसी नाही म्हणून तिला सुट्टी.

मी पहिल्यांदा तिच्यात चढले तेव्हा चक्रावलेच होते. जपान म्हणजे सगळं चकचकीत, ही आपली समजूत. आणि इथे पायाखाली तेल पाजलेल्या फळ्या, वळण आलं की अख्खी गाडी कण्हणार, चालकाच्या हातातला पितळी दांडा घासून घासून पिवळाधमक झालेला. मी प्रयोगशाळेत बॅटऱ्यांवर काम करते. आमच्याकडे चार-पाच वर्षांचं यंत्र म्हातारं समजून काढून टाकतात. आणि ही शंभरीला टेकलेली बाई वेळापत्रकात लिहिलेल्या मिनिटाला दारात हजर! हळूहळू मी तिच्या प्रेमात पडले. नवी गाडी आधी आली तर ती सोडून देऊन जुनीसाठी थांबायला लागले.

माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आणि थांब्यावर उभं राहून तिनं ही गाडी पहिल्यांदा पाहिली. वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ही अजून चालवतात? भंगारवाल्याच्या नजरेला पडली नाही वाटतं."

तेवढ्यावर भागलं असतं. पण एप्रिलमध्ये लेकीची शाळा सुरू झाली. पहिली इयत्ता. शाळा ट्रामनं काही थांबे पलीकडे, आणि इथला रिवाज असा की मुलांनी आपलं आपण यायचं. सुरुवातीचे काही दिवस आई-वडील बरोबर जातात, थांबे ओळखीचे करून देतात, मग एका सोमवारी हात सोडतात. पहिलीच्या पोरांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते, म्हणजे ती सगळ्यांना लांबून दिसावीत. पाठीवर त्यांच्यापेक्षा रुंद दप्तर, दप्तराला लोंबकळणारा धोक्याचा भोंगा. अशी सहा वर्षांची माणसं भल्या सकाळी गाडीत चढतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आईला हे मी चहा पिताना सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"एकटी?"

"एकटी म्हणजे, अजून मुलं असतात की बरोबर. इथली सगळी मुलं जातात."

"सगळी मुलं इथली आहेत."

"ही पण इथेच जन्मली, आई."

"त्या खटाऱ्यातून? एकटी? अगं, तुला मी दहावीपर्यंत कोपऱ्यावर सोडायला येत होते!"

खरं तर भीती मलाही वाटायची. नवरा नोकरीसाठी तोक्योच्या तोयोसुमध्ये, घरी यायचा तो शनिवार-रविवारी. त्यामुळे हात सोडायचं काम माझ्या एकटीवर होतं. पण आईसमोर हे कबूल कोण करणार? मी तर घरातली शास्त्रज्ञ. लेक जन्मली तेव्हाच मी जाहीर करून टाकलं होतं की या घरात काळी तीट, दृष्टबिष्ट काही चालणार नाही. आईनं तेव्हा मान डोलावली होती. मला वाटलं, पटलं.

तो सोमवार उजाडला. आई म्हणाली, मीही येते थांब्यापर्यंत. मी म्हटलं, ये. पंजाबी ड्रेसवर तिनं माझं जाड जॅकेट चढवलं होतं आणि दोन्ही हात खिशात घातले होते. एप्रिल असला तरी तिला सकाळी थंडी वाजायची, म्हणून मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

आमचा थांबा रस्त्याच्या मधोमध आहे. फूटभर उंचीचा अरुंद ओटा, त्याच्या एका टोकाला उतार, आणि उतार संपतो तिथे रूळ ओलांडून जाणारे झेब्रा पट्टे. आम्ही पट्ट्यांवरून आलो, लेक उड्या मारत ओट्यावर चढली, तिच्यामागून मी. लांबून चिन चिन ऐकू आलं. "जुनी! जुनी आली!" लेक ओरडली. जुनी गाडी मिळाली की दिवस चांगला जातो, असा तिच्या वर्गातल्या मुलींचा शोध होता. मी तिची टोपी सरळ केली. मग आईला म्हणायला वळले की बघ, किती हळू येते, उगाच घाबरत होतीस.

आई ओट्यावर नव्हती. ती मागे, झेब्रा पट्ट्यांवर, रुळापाशी उकिडवी बसली होती.

मला वाटलं, पडली. मी ओरडले. ती शांतपणे उठली, दोन पावलं मागे सरली आणि तिनं हात जोडले. रुळावर काहीतरी पिवळं होतं.

त्यानंतरचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. लोखंडावर लोखंड किंचाळलं. हिरवी गाडी पुढे वाकल्यासारखी झाली, घंटा वेड्यासारखी वाजत राहिली, आणि आतून एकच 'धप्प' असा आवाज आला. मग सगळं थांबलं. चाक रुळावरच्या त्या पिवळ्या वस्तूपासून वीतभर अंतरावर उभं होतं.

ते लिंबू होतं. आमच्याच फ्रीजमधलं.

गाडीत माणसं एकमेकांना उठवत होती. पुढच्या दारापाशी एक म्हातारी बाई खाली पडली होती. इथे उतरताना पुढून उतरतात आणि भाडं चालकाशेजारच्या पेटीत टाकतात, म्हणून ती बिचारी आधीच उठून पुढे येऊन उभी राहिली होती. तिचा एक पाय विचित्र वळला होता. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. नुसती छताकडे पाहत श्वास घेत होती.

मला वाटलं, आता लोक आम्हाला फाडून खाणार. कुणी आवाज चढवला नाही. पांढरे हातमोजे घातलेला चालक खाली उतरला, आईजवळ गेला आणि तुम्हाला लागलं का, असं त्यानं आईला विचारलं. मग परत वर चढून माइकवरून सगळ्या प्रवाशांची माफी मागितली. चूक कुणाची आणि माफी कोण मागतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आई? आई रुळाकडे पाहत होती. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "फुटलं नाही."

"काय?"

"लिंबू फुटलं नाही गं."

मी माझ्या आईवर हात कधी उगारला नाही. त्या क्षणी उगारावासा वाटला.

अँब्युलन्स आली, पोलीस आले. एक तरुण पोलीस लिंबाशेजारी गुडघे टेकून बसला, त्याचे फोटो काढले आणि मग चिमट्यानं उचलून ते एका पारदर्शक पिशवीत घातलं. मला विचारलं, हे काय आहे?

माझी जपानी प्रयोगशाळेत चालते. इलेक्ट्रोड, तापमान, बैठक पुढे ढकलू या का, एवढं सगळं येतं. या प्रश्नाला लागणारे शब्द मात्र मला कुणी शिकवले नव्हते. मी म्हटलं, आमच्याकडे नवीन गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात, ते शुभ असतं.

त्यानं मागे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. लाकडी खिडक्यांकडे पाहिलं. "पण ही गाडी नवीन नाही," तो म्हणाला. वेडावून नव्हे, अगदी मनापासून. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

तेव्हा लेक मध्ये पडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज स्पष्ट होता. "हे आजीचं ओमामोरी आहे," ती जपानीत म्हणाली. "माझ्यासाठी." ओमामोरी म्हणजे देवळातून आणतात तो ताईत. इथे प्रत्येक दुसऱ्या दप्तराला तो लटकलेला असतो. पोलिसाच्या चेहऱ्यावर एकदम प्रकाश पडला. त्यानं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून अतिशय सभ्य शब्दांत सांगितलं की ताईत असला तरी रुळावर वस्तू ठेवणं हा गुन्हा आहे, आणि आजींना चौकीवर यावं लागेल.

चौकीत आम्ही तिघी दुपारपर्यंत होतो. जबाब झाला. कडक समज दिली गेली. आईनं सही केली, वाकून नमस्कार केला, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "यांना रागावता येत नाही का गं? दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या मला."

संध्याकाळी चौकीवरून फोन आला. म्हाताऱ्या बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया करणार होते. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात, पुन्हा चालतील की नाही, ते आत्ताच सांगता येत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. त्या संध्याकाळी मला या म्हणीत हसण्यासारखं काही सापडलं नाही.

आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नुसता चहा. लेक सकाळी टोपी घालून एकटीच ट्रामनं शाळेत गेली. आईनं तिला अडवलं नाही, साधं दारापर्यंतही गेली नाही, हे पाहून मी हादरले. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर मऊ भाताची ताटली ठेवली आणि बोलायला बसले.

"आई, तुझ्या मनात तसं काही नव्हतं, हे सगळ्यांना माहीत आहे. चालकानं ब्रेक दाबला, बाई उभ्या होत्या, तोल गेला. अपघात आहे हा."

"नवीन गाडीचं लिंबू नव्हतं ते," आई म्हणाली.

"मग?"

"तिच्यावरून उतरवलेलं होतं. सकाळी. तू डबा भरत होतीस तेव्हा."

आई ताटलीकडे बघून बोलत होती.

"उतरवलेलं लिंबू ओलांडू नये, हे तुला लहानपणापासून सांगितलंय ना मी? ज्याच्यावरून उतरवलं त्याची पीडा त्यात असते. दुसऱ्यानं ओलांडलं की त्याला लागते. म्हणून मी रस्त्यात टाकलं नाही. म्हटलं, एवढं जड चाक आहे, त्याच्याखाली फुटेल, तिथल्या तिथे संपेल, कुणाला बाधायला नको. विचार करून केलं गं मी."

"आई, गाडी लिंबापर्यंत पोचलीच नाही."

"तेच म्हणतेय मी. फुटलं नाही. मग त्यातलं गेलं कुठं?"

मी थक्क झाले. एखाद्या विद्यार्थ्यानं चुकीच्या गृहीतकावरून बिनचूक उत्तर काढावं तसं होतं ते. मी तिला वेग सांगितला, तोल सांगितला, म्हातारपणी हाडं ठिसूळ का होतात ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर असेल तुझं," ती म्हणाली. "पण माझ्या नातीचं मी त्या बाईच्या अंगावर टाकलं. मला तिच्याकडे घेऊन चल."

त्या बाईंना भेटल्याशिवाय आई जेवणार नव्हती, एवढं कळलं. बाईंची भाची होती, तिच्यामार्फत विचारणा केली. शस्त्रक्रिया झाली होती, भेटायला हरकत नाही, असा निरोप आला. माफी मागायला जाताना इथे मिठाईचा खोका नेतात. तो आणला. माफीची वाक्यं प्रयोगशाळेतल्या सेक्रेटरीबाईंकडून घोकून घेतली, किती वाकायचं तेही. शनिवारी, नवऱ्याला घरीच ठेवून, आम्ही तिघी निघालो.

हॉस्पिटल ट्रामच्याच रस्त्यावर. थांब्यावर नेमकी जुनीच आली. आई क्षणभर मागे सरली, मग दांड्याला धरून चढली. माझी आई इतकी बडबडी, पण गाडीत ती लाकडी बाकाच्या अगदी कडेला बसली, हात मांडीवर, कशालाही न लावता. शेजारच्या आजोबांनी सरकून तिला जागा करून दिली, तरी ती टेकली नाही. वळणावर गाडी नेहमीसारखी कण्हली. तिनं डोळे मिटून घेतले. सगळ्या प्रवासात ती एकदाच बोलली. "आवाज करते बिचारी," ती म्हणाली, "पण किती जपून नेते."

वॉर्डात चार खाटा होत्या. बाई खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या. अगदी लहानखुऱ्या, केस कापसासारखे, खाटेला लावून ठेवलेलं चाकांचं वॉकर. पुढे जूनमध्ये त्या काठी घेऊन चालायला लागल्या, असं आम्हाला कळलं. पण त्या शनिवारी हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

मी घोकलेली वाक्यं म्हटली, शिकवलं तेवढी वाकले. डोकं वर केलं तर बाई माझ्याहून खाली वाकायचा प्रयत्न करत होत्या. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका, असं ते रोज माइकवरून सांगतात, मीच आधी उठले, माझ्यामुळे तुमच्या आईंना पोलिसांत जावं लागलं, असं त्या म्हणत होत्या. हाड त्यांचं मोडलेलं, आणि माफीही त्याच मागत होत्या!

मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. त्या लिंबानं काय होतं, ते मला सांगशील का, असं विचारलं. त्यांची बोली पक्की ओसाकाची, मला निम्मी कळते. लेकीला ती मराठीपेक्षा जवळची. तिनं सांगितलं की आजीनं ते माझ्या डोक्याभोवती फिरवलं, म्हणजे माझ्यावर येणारं वाईट सगळं त्यात गेलं. हे तिला कुणी सांगितलं, कोण जाणे. त्या सकाळी आजीनंच सांगितलं असणार.

बाईंनी ऐकलं आणि त्या हसायला लागल्या. अगदी मनापासून, पोटावर हात धरून. काहीतरी म्हणाल्या आणि लेकीच्या गालाला हात लावला. मला शब्द लागायच्या आत लेकीनं वळून आजीला मराठीत सांगूनही टाकलं.

"आजी, त्या म्हणतात, मग लागू पडलं की! हिच्यावरचं माझ्यावर आलं. बरं झालं, म्हणतात. म्हातारी हाडं कुणाच्या तरी कामाला आली."

ते प्रेमानं म्हटलेलं होतं. आमचं ओझं हलकं व्हावं म्हणून म्हटलेलं होतं. याहून भयंकर वाक्य त्यांना शोधूनही सापडलं नसतं.

मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. खाटेला चिकटून उभी राहिली, वाकली, आणि बाईंच्या केसांवरून, कपाळावरून, गालांवरून दोन्ही हात खाली आणले. हात ओढून घेतल्यासारखे मागे आणले आणि आपल्या कानशिलांकडे नेले. आपल्याकडे लाडक्या पोराची अलाबला अशी घेतात. कानशिलावर बोटं मोडली की झालं. तुझं सगळं मला येऊ दे.

मी तिचं मनगट धरलं.

कधी धरलं, ते मलाच कळलं नाही. "आई, नको," मी म्हणत होते. "नको, आई, सोड." वॉर्डातल्या तीन खाटांवरून माणसं पाहत होती. वेग, तोल, ठिसूळ हाडं, यांतलं एक अक्षर मला आठवत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त आई होती, बासष्टीची, बाथरूममधल्या ओल्या फरशीवर.

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे.

"तू तर मानत नाहीस ना?"

तिनं हलकेच मनगट सोडवून घेतलं आणि कानशिलांवर बोटं मोडली. दहाच्या दहा कडाकडा वाजली.

बाईंना वाटलं, आशीर्वाद असावा, किंवा मायेची काहीतरी परदेशी रीत. आणि इथे कुणी काही दिलं की परत काहीतरी द्यावंच लागतं, मिठाईला मिठाई, वाकण्याला वाकणं. त्यांनी आपले सुरकुतलेले दोन्ही हात उचलले, आईच्या चेहऱ्यावरून फिरवले, नीट पाहून ठेवल्याप्रमाणे मागे ओढले आणि आपल्या कानशिलांकडे न्यायला लागल्या.

आई झडप घालून पुढे झाली. तिनं ते दोन्ही हात वाटेतच पकडले.

बाई हसत होत्या, गोंधळून आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. लेकीनं माझा कुर्ता ओढला. "आई, यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. आई त्यांचे हात सोडत नव्हती.